दहावीचे जुने मार्क, नवे मार्क आणि क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्या कुणासमोरही क्वार्टरबॅक जो मोंटानाचं नाव घ्या, माणूस जरा सावरूनच बसतो. चार सुपर बोल, म्हणजे सीझनच्या फायनल, खेळला, चारही जिंकला, आणि त्या चार मॅचमध्ये मिळून 11 टचडाउन पास, इंटरसेप्शन एकही नाही. त्याचं करिअरचं पासर रेटिंग, म्हणजे पास फेकण्याचे मार्क, आहे 92.3. आता कर्क कझिन्स घ्या. चांगला खेळाडू आहे, नाही कुठे म्हणतोय, पण सुपर बोल त्याने खेळलेलाच नाही, आणि तरी त्याचं रेटिंग 97 च्या आसपास. मग कझिन्स मोंटानापेक्षा भारी का? असं म्हणून बघा, लोक हसतील. पण आकडा तर तेच म्हणतोय ना.

ज्यांनी हा खेळ कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक म्हणजे बॉल हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा माणूस. आपल्या माणसाने पकडला तर टीम पुढे सरकते, ते यार्डात मोजतात, पार शेवटच्या पट्ट्यात पकडला तर टचडाउन, विरुद्ध टीमच्या माणसाने पकडला तर इंटरसेप्शन, आणि फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला आडवा पाडला तर सॅक.

पासर रेटिंग 1973 चं आहे. किती टक्के पास पकडले गेले, दर पासमागे किती यार्ड, किती टचडाउन, किती इंटरसेप्शन, अशा चार गोष्टी घेऊन त्यांची बेरीज. वरची मर्यादा 158.3, हा विचित्र आकडा कुणाच्याच लक्षात राहत नाही. पण सूत्र जरा उलगडून बघितलं की मजा कळते. सगळं यार्डात बदललं तर एक टचडाउन म्हणजे 80 यार्डांचा बोनस, एक इंटरसेप्शन म्हणजे 100 यार्डांचा दंड, आणि नुसता पास पकडला गेला तरी 20 यार्ड फुकट! म्हणजे मागच्या मागे पास दिला आणि टीम 5 यार्ड मागे गेली तरी बॉल जमिनीवर पडण्यापेक्षा रेटिंगला ते बरं. आणि सॅकचा तर हिशोबच नाही, बॉल धरून उभा राहिला आणि आडवा झाला तरी रेटिंगला धक्का लागत नाही. म्हणून पुढे लोकांनी वेगळा हिशोब काढला: यार्ड घ्या, टचडाउनला 20 मिळवा, इंटरसेप्शनला 45 वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्डही वजा करा, आणि सॅक धरून एकूण प्रयत्नांनी भागा. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक आहे.

पण नुसतं सूत्र बदलून मूळ भानगड सुटत नाही. आपल्याकडे पूर्वी दहावीला 60 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, गल्लीत पेढे वाटायचे, आता 90 पडले तरी घरी विचारतात बाकीचे 10 कुठे गेले. तसंच आहे हे. 1973 ला सूत्र बसवलं तेव्हा सरासरी खेळाडूला 66.7 पडावेत असं ते बेतलेलं होतं, आज लीगची सरासरीच 90 च्या आसपास आहे.

पेपर सोपा कुणी केला? बराचसा 1978 च्या नियमांनी. त्याआधी डिफेन्सवाले पास घ्यायला धावणाऱ्या माणसाला वाटेत ढकलत राहायचे, नवीन नियमाने पहिल्या 5 यार्डांच्या पुढे तसं करायला बंदी आली, आणि क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. सीझनही त्याच वर्षी 14 मॅचचा 16 झाला, 2021 पासून 17. त्यामुळे जो नेमथने 1967 मध्ये 14 मॅचमध्ये 4,007 यार्ड काढले, असं करणारा तो पहिलाच, त्या सीझनचं त्याचं रेटिंग दिसतं 73.8, आज एवढं रेटिंग असलेल्याला बाकावर बसवतील.

मग करायचं काय, तर प्रत्येकाला त्याच्याच वर्गातल्या पोरांशी ताडून बघायचं. ब्रॅडमनची 99.94 आपल्याला थोर वाटते ती नुसती मोठी आहे म्हणून नाही, बाकीचे महान लोक साठीच्या आसपास अडकतात म्हणून. स्टॅटिस्टिक्समध्ये यासाठी त्या वर्षीची सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने, म्हणजे सगळ्यांचे आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याने, भागतात, म्हणजे हा गडी गर्दीपासून किती लांब उभा होता ते कळतं.

एवढंही गणित नको असेल तर नुसता दुसरा नंबर बघा. 1984 ला डॅन मरिनोने 48 टचडाउन पास टाकले, तोवरचा रेकॉर्ड होता 36 चा, आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या नंबरवाल्याचे 32. म्हणजे दीडपट. 2013 ला पेटन मॅनिंगने 55 टाकले, पण दुसरा होता 39 वर, म्हणजे साधारण 1.4 पट. 55 हा आकडा मोठा, पण 48 ची उडी जास्त उंच. मरिनोचा 5,084 यार्डांचा रेकॉर्ड 27 वर्षं टिकला आणि मग 2011 च्या एकाच सीझनमध्ये दोघांनी मोडला, ड्रू ब्रीझ आणि टॉम ब्रेडी.

अख्खं करिअर घेतलं की आणखी गुंता. ब्रेडी 23 सीझन खेळला, 89,214 यार्ड, 649 टचडाउन. ऑटो ग्रॅहम फक्त 10 सीझन खेळला, पण दहाच्या दहा वेळा चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये होता आणि 7 जिंकला. बेरीज धरली तर ब्रेडी, सरासरी धरली तर म्हातारपणीची दोन वाईट वर्षं खेळणाऱ्यावर अन्याय. त्यामुळे मला तरी बेरजेतला तोच भाग मोजावासा वाटतो जो त्या वर्षीच्या सरासरी क्वार्टरबॅकच्या वर आहे, बाकी वर्षं हजेरीपटावर.

सगळ्यात नवी पद्धत अशी की प्रत्येक पासआधी आणि पासनंतर टीमला किती पॉइंट अपेक्षित होते ते काढायचं आणि फरक क्वार्टरबॅकच्या खात्यात टाकायचा. गंमत म्हणजे ही कल्पना 1971 मध्ये छापून आणणाऱ्या दोघांपैकी एक, व्हर्जिल कार्टर, स्वतःच क्वार्टरबॅक होता! पण यालाही प्रत्येक प्लेची बारीक नोंद लागते, आणि पॉइंट नेमके कुणामुळे आले, फेकणाऱ्यामुळे, पकडणाऱ्यामुळे की पुढे भिंत होऊन उभ्या राहिलेल्या पाच जणांमुळे, ते वेगळं काढणं अजूनही अवघडच.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, सोडा हो, किती ट्रॉफ्या ते सांगा. ठीक आहे. 55 टचडाउनच्या सीझनमध्ये मॅनिंगची टीम सुपर बोल 43-8 ने हरली. दोन वर्षांनी त्याच टीमकडून खेळताना त्याचे 9 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन, रेटिंग 67.9, मध्ये काही मॅच बाकावरही बसला, आणि त्या वर्षी ते सुपर बोल जिंकले, डिफेन्सच्या जोरावर.