आरजीबी फॅन कुठल्याही हेडरला चालतो? अजिबात नाही

"आरजीबी फॅन कुठल्याही आरजीबी हेडरला लावा, काही होत नाही" हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतंय आणि ते साफ चुकीचंय. आरजीबी फॅन म्हणजे कॉम्प्युटरमधला रंगीत एलईडी दिव्यांचा पंखा, आणि हेडर म्हणजे मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) वायर लावायच्या पिना. हे दिव्यांचे हेडर दोन प्रकारचे असतात. ४ पिनवाला १२ व्होल्टचा, त्यात लाल, हिरवा, निळा यांची एकेक लाईन, म्हणून सगळे एलईडी एकाच रंगात पेटतात. दुसरा एआरजीबी, ५ व्होल्टचा, पिना ३च आणि मधे एक जागा रिकामी, इथे डेटा लाईनवरून प्रत्येक एलईडीला वेगळा रंग सांगता येतो. आता हा ५ व्होल्टवाला प्लग जोर लावून १२ व्होल्टवर बसवला की एलईडी गेलेच समजा, मग सॉफ्टवेअर कितीही वेळा परत टाका. गंमत म्हणजे फॅन मात्र फिरतच राहतो, कारण मोटरची वायर वेगळी, ती फॅन हेडरला जाते, त्यामुळे लोक बिचारे सेटिंगच शोधत बसतात! नुसत्या कनेक्टर बदलणाऱ्या वायरनेही भागत नाही, ती फक्त प्लगचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. बोर्डवर ५ व्होल्टचा हेडर नसेल तर सरळ वेगळा एआरजीबी कंट्रोलर (हे दिवे चालवणारा छोटा डबा) घ्या, त्याला पॉवर बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या साटा कनेक्टरमधून मिळते. आणि लावायच्या आधी बोर्डचं मॅन्युअल उघडून व्होल्टेज बघा.