कुवेतचा पैसा आणि नदीचा बांध

गोव्यातल्या बार्देश तालुक्यात शापोरा नदीच्या काठी माझं आजोळ. मामाच्या घरामागे चार माड, त्यापुढे भाताचे कुणगे, मग मातीचा बांध, आणि बांधाच्या पलीकडे नदी. भरती आली की नदीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. म्हणजे मामा ज्या जमिनीत भात लावतो, ती दिवसातून दोनदा पाण्याच्या पातळीच्या खाली असते. गोव्यात या जमिनीला खाजन म्हणतात. समुद्राशी भांडून नव्हे, त्याच्याशी घासाघीस करून मिळवलेली ही जमीन.

या घासाघिशीचं यंत्र म्हणजे मानस. बांधाला मधेच ठेवलेलं दगडी तोंड आणि त्याला लाकडी दारं. ही दारं फक्त नदीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला नदी खाली गेली की शेतातलं पाणी आतून दार ढकलतं आणि बाहेर पडतं. भरतीला नदीचं पाणी बाहेरून रेटतं आणि तेच दार गच्च बसतं. मोटर नाही, वीज नाही. हृदयाच्या झडपा याच तत्त्वावर चालतात. मृगाचा पाऊस जमिनीतलं मीठ विरघळवतो, ओहोटी ते मानशीतून बाहेर नेते, आणि थोडा खारेपणा सोसणारं कोरगूट भात तग धरतं. भात कापून झालं की खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचं. त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासे येतात, ते मानशीच्या तोंडाशी जाळं लावून धरायचे. हा मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जाई. त्या पैशातून बांधाची डागडुजी. भात, मासे आणि दुरुस्ती, तिन्ही एकाच हिशेबात बसवणारा माणूस कोण होता कुणाला ठाऊक, पण त्याला नमस्कार.

यात एकच अट आहे. कुणीतरी रोज बांधावरून चालायला हवं. खेकडे बांधात बिळं करतात. बोटभर बीळ असलं तरी भरतीचं पाणी त्यातून झिरपतं, जाताना माती घेऊन जातं आणि बीळ रुंदावतं. वेळेवर दिसलं तर दोन घमेली चिखलाने काम भागतं. एका अमावास्येच्या भरतीला ते दिसलं नाही, तर सकाळी भगदाड आणि आत खारं पाणी. तसे दोन-तीन हंगाम गेले की शेतात तिवरं उगवतात. तिवरं तोडायला कायद्याची आडकाठी आहे, आणि ती असायलाही हवी. पण भाताचं शेत मात्र गेलं ते गेलंच.

मामाच्या वाड्यावर आज जवळजवळ सगळी घरं पक्की. फरशा गुळगुळीत, गच्चीवर टाक्या. त्यातल्या निम्म्यांना कुलूप. ती उघडतात चतुर्थीला, काही नाताळात. मुलं कुवेतला, दुबईला, जहाजावर. काही पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनच्या बाजूला. आणि बांधाला दोन ठिकाणी भगदाड. पैसा नव्हता तेव्हा मातीचा बांध टिकला. आज पैसा आहे, तर चिखलाची दोन घमेली कुणी टाकत नाही. हे कोडं मला बरीच वर्षं छळत होतं.

आधी लोक जातात का, ते पाहू. गरिबीमुळे जातात, हे उत्तर अर्धंच खरं आहे, कारण जायलाही पैसा लागतो. बांगलादेशाच्या रंगपूर भागात भात लावल्यापासून कापेपर्यंतच्या काळात उपासमार होई; तिला तिकडे मोंगा म्हणतात. २००८ साली ब्रायन, चौधरी आणि मोबारक या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या १०० गावांत एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही कुटुंबं निवडली आणि त्यांना शहरात कामाला जायला सुमारे ६०० टका दिले. साडेआठ डॉलर, बसभाडं आणि थोडं खाणं एवढंच. पैसे न मिळालेल्या कुटुंबांतून ३६ टक्क्यांतलं कुणीतरी गेलं. मिळालेल्यांतून ५८ टक्के. या भाड्यामुळे जे गेले, त्यांच्या घरातला माणशी खर्च जवळपास एक तृतीयांशाने वाढला. पुढच्या वर्षी भाडं न देताही त्यांतले बरेच पुन्हा गेले. मालक ओळखीचा झाला होता, रात्री कुठे पडायचं ते कळलं होतं.

मला यावर गोव्याचे कूड आठवतात. मुंबईत धोबीतलाव, माझगावला एकेका गावाच्या नावाने उभी राहिलेली वसतिस्थानं. नाममात्र भाडं, भिंतीला लागून ट्रंका, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. गावातला नवखा मुलगा बोरीबंदरला उतरला की जहाजावरची नोकरी लागेपर्यंत तिथे राही. तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, पिढ्या या खोल्यांतून बाहेर पडल्या. रंगपूरमध्ये जे काम भाड्याच्या पैशाने केलं, ते इथे ओळखीने केलं: पहिल्या पावलाची जोखीम कमी केली.

प्रयोगाची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर फसवणूक होईल. २०१७ साली एका संस्थेने हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, तेव्हा स्थलांतर वाढलेलं दिसलंच नाही, आणि २०१९ मध्ये ती गुंडाळली. शंभर गावांत जमलं ते हजारो गावांत जमेलच असं नसतं. निकाल लपवला नाही, हे त्या संस्थेचं मोठेपण. आपल्याकडे किती योजनांचं असं पोस्टमॉर्टेम होतं?

विकास आला की लोक गावात राहतील, ही दुसरी समजूत. १८७८ साली पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये, आणि मुरगावहून घाटापलीकडे जाणारी रेल्वे. १८९२ मध्ये करार संपला, तोवर मिठागरांवर जगणाऱ्यांची फरफट झाली होती. रेल्वे मात्र राहिली. ती बांधली बंदरात माल यावा म्हणून. तिने माल आणला त्याहून जास्त माणसं नेली, असं गोव्यात गमतीने म्हणता येईल. जाणं त्याच्या आधीही होतंच, पण रुळांनी ते सोपं केलं.

अर्थशास्त्रात याला स्थलांतराचं उंचवटा-सूत्र म्हणता येईल. गरीब देशाचं उत्पन्न वाढू लागलं की बाहेर जाणारे आधी वाढतात, कारण भाडं, शिक्षण आणि माहिती हाती येते. मायकेल क्लेमेन्स यांच्या मांडणीनुसार दरडोई उत्पन्न साधारण ८ ते १० हजार डॉलरपर्यंत (खरेदीक्षमतेच्या मापाने) पोचलं की वाढ थांबते. काही संशोधक म्हणतात, ही वेगवेगळ्या देशांची तुलना झाली. एकाच देशाचा वर्षानुवर्षांचा प्रवास असा दिसत नाही. वाद चालू आहे. गोव्याकडे पाहून मी एवढंच म्हणेन की दरडोई उत्पन्नात देशातल्या सर्वांत वरच्या राज्यांपैकी एक असलेल्या या राज्यातूनही माणसं जातातच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्या आजोबाच्या दाखल्यावर नातवाला युरोपचं दार उघडतं. उत्पन्नाचा आलेख या कागदापुढे फिका पडतो.

आता घरी येणारा पैसा. २०२३ मध्ये श्रीमंत देशांनी दिलेली अधिकृत विकास मदत सुमारे २२४ अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत परदेशातल्या नातलगांनी पाठवलेले पैसे साडेसहाशे अब्जांच्या आसपास होते. जगातली खरी मदतसंस्था म्हणजे आईला पैसे पाठवणारा मुलगा. हा पैसा नुसता पगार नसतो, तो विमाही असतो. डीन यांग आणि ह्वाजुंग चोई यांनी फिलिपिन्समध्ये पाऊस बिघडलेल्या गावांचा अभ्यास केला. ज्या घरातलं माणूस परदेशी होतं, तिथे पावसाने बुडालेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे साठ बाहेरून भरून आले. एकाने जहाजावर जायचं आणि दुसऱ्याने शेत बघायचं, हा लोभ नव्हे. सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याचं घराचं शहाणपण आहे ते.

आणि इथेच मला माझ्या कोड्याचं टोक सापडलं. हा विमा घराचा असतो, बांधाचा नसतो. ज्याच्या घरी कुवेतहून पैसे येतात त्याचं शेत बुडालं तरी चूल पेटते. मग भर दुपारी चिखल वाहायला तो का जाईल? पूर्वी सगळ्यांचं पोट एकाच बांधावर होतं, म्हणून बांध सगळ्यांचा होता. सरकारी मदतही तशीच वाटली जाते. गृह आधारचे महिन्याला १,५०० रुपये गृहिणीच्या खात्यात, भाताचा आधारभाव शेतकऱ्याच्या खात्यात. हे पैसे नकोत असं मी अजिबात म्हणत नाही, मामीला विचारलं तर ती मलाच झोडपेल. पण बांधाला बँकेत खातं नाही.

एके काळी ते होतं. कोमुनिदाद म्हणजे गावकारांची, गावातल्या मूळ घराण्यांची, संस्था. जमीन तिची, मानशीची पावणी तिची, डागडुजी तिची, आणि उरलेल्या पैशातून गावकारांना झोण, म्हणजे वाटा, मिळे. ती संस्था काही स्वर्ग नव्हती. कसणाऱ्या कुळाला आणि बाईला त्यात स्थान नव्हतं, त्यामुळे १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना हक्क दिले ते न्याय्यच होतं. पण त्याबरोबर बांध सांभाळण्याचं काम कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे आलं. आणि संघाचे निम्मे सभासद शारजात असतील, तर सभेला गणपूर्ती कशी व्हायची? मानशीच्या पावणीत बोली लावणाऱ्याला सुंगटं हवी असतात, भात नव्हे. त्याला आवरायला गावात माणूस नसेल तर खारं पाणी आत दोन आठवडे जास्त राहतं.

हात मात्र गावात आहेत. नदीवर होड्या, बांधकामावर गवंडी, भातलावणीला बायका. झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून आलेल्या. त्यांनी आपापल्या गावी पाठवलेल्या पैशावर तिथलीही घरं पक्की होत असणार, आणि तिथलेही बांध, तळी कुणीतरी बघायची राहत असणार. कुणगा, मानस, संघ, पावणी यांपैकी कशातच त्यांना वाटा नाही. मजुरी मिळते, मत मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात मामाने वर्गणी काढली. कुवेतहून तीन घरांनी लगेच पैसे पाठवले, तक्रार नाही. मानशीचं कुजलेलं दार बदलायला सुतार मिळाला तो धारवाडकडचा. चौकट उत्तम बसवली त्याने, फळ्या घट्ट जुळवल्या. ओहोटी होती, पाणी उतरलेलं. दार बिजागरीला लावताना तो थांबला आणि हिंदीत विचारू लागला, हे उघडायचं कुठल्या बाजूला?

मामाने नदीकडे हात केला. मग चिखलात उतरून, दार हातात धरून, भरती आणि ओहोटी दोन्ही त्याला करून दाखवल्या.