उपग्रहासाठी बाजारातल्या पार्टची चाचणी (कॉट्स टेस्टिंग)

मोबाइल, गाड्या, कारखान्यातली मशिन्स यांच्यासाठी बनलेले, कोणालाही विकत मिळणारे इलेक्ट्रॉनिक पार्ट उपग्रहात बसवायच्या आधी ते वर टिकतील का हे तपासायचं, याला कॉट्स टेस्टिंग म्हणतात (कॉट्स म्हणजे ‘कमर्शियल ऑफ द शेल्फ’, बाजारातला तयार माल). खास अंतराळासाठी बनवलेले, रेडिएशन सोसणारे रॅड-हार्ड पार्ट मिळतात, पण ते प्रचंड महाग, ऑर्डर दिल्यावर महिनोन्‌महिने वाट बघायची, आणि वेगात बरेच मागे. पर्सिव्हरन्स रोव्हरचा रॅड७५० प्रोसेसर २०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, आणि त्याच रोव्हरबरोबर मंगळावर गेलेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन ८०१ होता, दोन गिगाहर्ट्‌झहून जास्त वेगाचा. २०१३ च्या फेब्रुवारीत श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी२० ने नेलेल्या ब्रिटिश स्ट्रँड-१ मध्ये तर अख्खा नेक्सस वन फोन होता. पुण्याच्या सीओईपीचा स्वयम्, आयआयटी मुंबईचा प्रथम (दोन्ही २०१६) असले विद्यार्थ्यांचे उपग्रह बाजारातल्या पार्टशिवाय होऊच शकत नाहीत.

सगळ्यात मोठी भीती रेडिएशनची, आणि ते दोन तऱ्हेने मारतं. एक म्हणजे हळूहळू साचणारा डोस, ज्याने ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही करंट गळायला लागतो आणि वाढत जातो. हे तपासायला पार्ट कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत ठेवतात, आपल्याकडे असे गॅमा चेंबर नवी मुंबईत वाशीचं ब्रिट (अणुऊर्जा विभागाची संस्था) बनवतं. नेहमीच्या टेस्टमध्ये सेकंदाला ५० ते ३०० रॅड (रॅड हे डोसचं माप) देतात, म्हणजे १० किलोरॅड तीन-साडेतीन मिनिटांत किंवा त्याच्याही आत होतात. पण इथेच फसायला होतं, कारण काही बायपोलर पार्ट, म्हणजे ऑप-अँप, व्होल्टेज रेग्युलेटर वगैरे, हळू डोस दिला की जास्त खराब होतात आणि वर तर डोस हळूच मिळतो, म्हणून त्यांची टेस्ट सेकंदाला ०.०१ रॅडने करतात आणि तेच १० किलोरॅड व्हायला साडेअकरा दिवस लागतात. घाई असली तरी हे दिवस वाचवू नयेत.

दुसरी तऱ्हा म्हणजे एकटा कण. तो मेमरीतला बिट पलटवतो, ० चा १ करतो, ते सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. पण लॅचअप झालं तर चिपच्या आत सप्लायपासून ग्राउंडपर्यंत सरळ वाट तयार होते. टेस्टमध्ये हे दिसतं ते असं: अ‍ॅक्सिलरेटरचा (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) बीम सुरू आहे, सप्लायवरचा करंट शांत आहे, आणि एका क्षणी तो कित्येक पट उडी मारतो आणि पॉवर काढेपर्यंत खाली येत नाही. पटकन पॉवर तोडली तर चिप वाचते, नाहीतर जळते, म्हणून प्रत्येक धोक्याच्या चिपमागे करंट लिमिटर लावतात. जड आयन सिलिकॉनमध्ये थोडेच मायक्रोमीटर आत जातात, त्यामुळे आधी फ्युमिंग नायट्रिक अ‍ॅसिडने वरचं काळं प्लास्टिक विरघळवून डाय, म्हणजे आतला सिलिकॉनचा तुकडा, उघडी करावी लागते, आतल्या सोन्याच्या बारीक वायरी न तोडता, आणि हे हाताचं कौशल्य आहे. २०० एमईव्ही (ऊर्जेचं माप) इतक्या ऊर्जेचे प्रोटॉन मात्र अख्ख्या बोर्डातून पार जातात.

बाकी चाचण्या तुलनेने सरळ आहेत. व्हायब्रेशन, निर्वातात गरम-थंड (खालच्या कक्षेत साधारण ९० मिनिटांत एक फेरी, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा वेळा ऊन-सावली), आणि प्लास्टिक, गोंद यांतून वाफा किती सुटतात ते: निर्वातात १२५ अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवून वजनातली घट १ टक्क्याच्या आत हवी, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सवर थर बसायचा धोका कमी होतो. लेड-फ्री (शिसं नसलेल्या) पार्टवर शुद्ध टिनचा मुलामा असेल तर त्यातून केसासारखे तंतू उगवून शॉर्ट होऊ शकतो, तेही बघावं लागतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लॉटचं, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाच्या खेपेचं. चाचणी पार्ट नंबरची होत नाही, हातात असलेल्या लॉटची होते. चिपवाली कंपनी मधेच मास्क (चिपच्या नक्षीचा साचा) बदलते, दुसऱ्या फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) बनवायला घेते, नंबर मात्र तोच राहतो, कारण मोबाइलवाल्याला त्याने काहीच फरक पडत नाही, आणि रेडिएशनमध्ये वागणं पार बदलू शकतं. कोणाच्या तरी जुन्या रिपोर्टमध्ये हीच चिप ३० किलोरॅडला टिकली असं वाचून दुसऱ्या रीलमधली (पार्टच्या पट्टीच्या गुंडाळीतली) चिप वर पाठवणं म्हणजे न तपासलेली चिप वर पाठवणंच. म्हणून टेस्टला, उड्डाणाला आणि स्पेअरला पुरेल एवढा माल एकाच डेट कोडचा (पार्टवर छापलेली बनवल्याची तारीख), एकदमच घेतात आणि उरलेली रील ड्राय कॅबिनेटमध्ये लेबल लावून जपून ठेवतात.