तीन नंबरचा बिल्ला कुणाचा?

प्रोग्रामने फाइल उघडायला सांगितली की ऑपरेटिंग सिस्टिम फाइल हातात देत नाही. सामान ठेवल्यावर बिल्ला मिळावा तसा एक आकडा देते. हाच हँडल. पुढचं वाचणं, लिहिणं, बंद करणं, सगळं हा आकडा दाखवून.

युनिक्स घराण्यात तो साधा पूर्णांक असतो. 0, 1, 2 आधीच वाटलेले, त्यामुळे पहिल्या फाइलला बहुधा 3. मोकळ्या आकड्यांतला सर्वांत लहान द्यायचा, असा नियम. गोम इथेच आहे. समजा, एका थ्रेडने (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाने) 3 बंद केला. लगेच दुसऱ्याने डेटाबेसची फाइल उघडली आणि तिलाही 3 मिळाला. आता पहिल्याने चुकून पुन्हा '3 बंद कर' म्हटलं, की डेटाबेसची फाइल बंद! सिस्टिम हूं की चूं करत नाही, कारण आकडा वैधच आहे. चूक एकीकडे, बोंब भलतीकडे.

विंडोजमध्ये पडद्यावरची खिडकी, रंग भरायचा ब्रश, फाइल सगळ्यांना हँडल. सी भाषेत ते एकाच साच्याचे, म्हणजे एकाच 'प्रकारा'चे (टाइप) ठेवले तर खिडकीच्या जागी ब्रश दिला तरी कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) गप्प. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या हेडर फाइलींत 'स्ट्रिक्ट' नावाची सोय आहे: बऱ्याचशा हँडलांसाठी एकेक वेगळं स्ट्रक्चर, आत एकच पूर्णांक, आणि त्याचं नावच 'अनयूज्ड'! काम काही नाही, फक्त वेगळं दिसायचं.

दुसऱ्या भाषेसाठी बाइंडिंग (तिथून हीच फंक्शन्स वापरता यावीत म्हणून जोडकोड) लिहिताना मात्र हा भेद सहज पुसला जातो. सगळं 'पूर्णांक' म्हणून मोकळं व्हायचं. मला हा आळस महागाचा वाटतो. फाइल उघडता आली नाही तर विंडोज -1 देतं, 'इव्हेंट' (थ्रेडांनी एकमेकांना इशारा द्यायचं साधन) बनवता आला नाही तर 0. वर कहर म्हणजे, चालू प्रोसेसचा, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामचा स्वतःचा, हँडल मागितला तर मिळणारा -1 चक्क बरोबर असतो. नुसत्या आकड्याकडे बघून काय कळणार?

रस्ट भाषेने 2022 मध्ये, 1.63 आवृत्तीत, मालकीही, म्हणजे बंद कुणी करायचं तेही, प्रकारातच आणलं. एफडी म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, युनिक्सचा तोच आकडा. 'ओन्ड एफडी' म्हणजे मालकाचा बिल्ला, 'बॉरोड एफडी' म्हणजे उसना. मालकाचा बिल्ला वापरातून गेला की फाइल आपोआप बंद होते. उसन्याने ती बंद होत नाही. हे सगळं कंपायलर तपासतो, चालताना वेगळा खर्च नाही. बाहेरून आलेल्या कोऱ्या आकड्याला मालकाचा बिल्ला करायचं असेल, तर मात्र 'अनसेफ' ('इथली जबाबदारी माझी' असं कंपायलरला सांगणारा शब्द) लिहावं लागतं. तो 3 खरंच आपला आहे का, हे कंपायलरला कुठून कळणार?