‘मी दार लाथेने फोडतो’ म्हणायची मुभा आली कुठून?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळणारी मंडळी एकदा त्याबद्दल बोलायला लागली की आवरत नाहीत, आणि बाहेरच्याला कळतच नाही की यात एवढं आहे तरी काय, शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही, चार-पाच जण टेबलाभोवती तीन-चार तास बडबडतात, मधेच फासे टाकतात आणि किंचाळतात. मला विचाराल तर यातली खरी गंमत ड्रॅगनमध्ये नाहीच. व्हिडिओ गेममध्ये प्रोग्रामरने जेवढं ठेवलंय तेवढंच करता येतं, इथे तुम्ही बिनधास्त म्हणू शकता की मी राक्षसाशी लढत नाही, त्याला जेवायला बोलावतो, आणि समोरच्या डंजन मास्टरला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि निकाल देणाऱ्या माणसाला, त्यावर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. ही मुभा कुठून आली ते शोधत गेलं की आपण थेट प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, सैन्यात जाऊन पोचतो.

तिथे १८२४ मध्ये फॉन राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धाचा खेळ नीट नियमांत बसवला. मोठा नकाशा, त्यावर सैन्याचे ठोकळे, फासे, आणि मधे एक पंच. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम पंचाला द्यायचे आणि ज्याला जेवढं प्रत्यक्षात दिसलं असतं तेवढंच पंच त्याला दाखवणार. पुढे नियम एवढे वाढले की लोक वैतागले, मग १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नवा या अधिकाऱ्याने मांडलं की कोष्टकं ठेवा बाजूला, अनुभवी पंच सांगेल तेच खरं. माझ्या मते मूळ इथे आहे, भले त्या लष्करी मंडळींच्या डोक्यात करमणूक हा विषयच नव्हता.

मग एकदम अमेरिका, मिनेसोटा. तिथे हौशी वॉरगेमवाल्यांचा एक ग्रुप होता, त्यातल्या डेव्हिड वेस्लीला चार्ल्स टॉटन यांचं १८८० चं ‘स्ट्रॅटेगोस’ हे जुनं लष्करी पुस्तक सापडलं आणि त्यातून त्याने उचललं की खेळाडूला काहीही करून बघता येईल, जमलं की नाही ते पंच ठरवेल. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव रचलं, पण खेळायला वाजवीपेक्षा जास्त लोक आले, मग सैन्याच्या कमांडरांशिवाय उरलेल्यांना काय द्यायचं, तर तू महापौर, तू बँकर, तू कॉलेजातला क्रांतिकारक अशा भूमिका वाटून टाकल्या. झालं, लढाई राहिली बाजूला, लोक कोपऱ्यात जाऊन आपापसात खलबतं करायला लागले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं ज्याचे नियमच नव्हते, वेस्लीने तिथल्या तिथे काहीतरी फासे टाकून निकाल लावला. त्याला वाटलं, पार फजिती झाली आपली. पोरं मात्र विचारायला लागली, परत कधी? कोकणातल्या दशावतारात नट जसे संवाद जागेवरच रचतात, गोष्ट ढोबळमानाने ठरलेली पण बोलणं ज्याचं त्याचं, तसलाच प्रकार, फक्त इथे प्रेक्षक नाहीत आणि गोष्टही ठरलेली नाही.

त्याच ग्रुपात डेव्ह आर्नेसन होता. त्याने १९७०-७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ सुरू केलं, एक किल्ला आणि त्याखाली तळघरं, भुयारं. आधी एका फटक्यात माणूस मरायचा आणि खेळाडू हिरमुसायचे, कारण तोवर त्या कॅरेक्टरमध्ये जीव अडकलेला असायचा, म्हणून जहाजांच्या लढाईच्या खेळातली हिट पॉइंटची, म्हणजे किती मार सोसता येईल याच्या आकड्याची, कल्पना त्याने माणसांना लावली. कॅरेक्टर आज वाचलं की पुढच्या वेळी तेच घेऊन यायचं, थोडं अधिक ताकदवान होऊन. महिनोन् महिने एकच कॅम्पेन, म्हणजे सलग पुढे जाणारी गोष्ट, चालवणाऱ्यांना विचारा, त्यांना हेच धरून ठेवतं.

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गॅरी गायगॅक्स राहायचा, आधी विम्यात नोकरी, ती गेल्यावर घराच्या तळघरात चपला-बूट दुरुस्ती. आर्नेसनने १९७२ च्या अखेरीस त्याला खेळ दाखवला आणि हा गडी नियम लिहायलाच बसला. प्रकाशक मिळेना, म्हणून १९७३ मध्ये डॉन के या मित्राबरोबर टीएसआर कंपनी काढली, ब्रायन ब्लूमने पैसे घातले, आणि १९७४ च्या सुरुवातीला डी अँड डीच्या तीन पुस्तिकांचा डबा आला, १,००० प्रती, किंमत १० डॉलर. त्या वर्षभरात संपल्या. नंतर श्रेय आणि रॉयल्टीवरून आर्नेसन-गायगॅक्स कोर्टात गेले तो भाग वेगळाच.

फाशांची पण मजा आहे. ते चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे शाळांना सामान पुरवणाऱ्या कॅटलॉगमधून आले. वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ आकडे दोनदा असायचे, त्यामुळे अर्धे आकडे एका रंगाच्या खडूने आणि अर्धे दुसऱ्या रंगाने स्वतःच भरायचे, म्हणजे कुठल्या सातला सतरा म्हणायचं ते कळायचं. १९७९ मध्ये तर फाशांचा एवढा तुटवडा पडला की डब्यात आकडे छापलेले कागदी तुकडे यायचे, ते कापून वाटीत टाकायचे आणि चिठ्ठी उचलायची.

त्याच सुमारास अमेरिकेत बोंब उठली की पोरं या खेळाने बिघडतात, सैतानाच्या नादी लागतात. पुरावा काही नव्हता, आणि त्या गदारोळात खेळाचं नाव घरोघरी पोचून विक्री उलट वाढली. पुढचं भराभर सांगतो, १९९७ मध्ये डबघाईला आलेली टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने घेतली, १९९९ मध्ये त्यांना हॅस्ब्रो या खेळणीवाल्या कंपनीने घेतलं, २०१४ मध्ये सोपी पाचवी आवृत्ती आली, २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’वाले व्हॉइस ॲक्टर नेटवर लाइव्ह खेळायला लागले, २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली, जिच्यातली पोरं डी अँड डी खेळतात. ज्यांनी कधी फासा हातात धरला नव्हता त्यांना हा खेळ दिसला तो असा.

२०२३ च्या जानेवारीत विझर्ड्स कंपनी २००० पासूनचं खुलं लायसन्स, म्हणजे इतरांना हे नियम वापरून आपलं काही छापायची परवानगी, आवळायला निघाली होती, लोकांनी धडाधड ऑनलाइन सबस्क्रिप्शनं रद्द केली आणि त्याच महिन्यात माघार घेत कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना खुल्या परवान्याखाली टाकून दिले. म्हणजे उद्या कोणी ते मराठीत करून, वर आपला एखादा सह्याद्रीतला किल्ला आणि त्याखालची भुयारं जोडून छापून विकले तरी चालतं, फक्त मूळ श्रेय द्यायचं.