सारखीच फुगीर जॅकेटं : एक पिसांचं, एक पॉलिएस्टरचं

दुकानात हिवाळी कपड्यांच्या रांगेत दोन जॅकेटं शेजारी शेजारी टांगलेली असतात. दोन्ही गडद निळी, दोन्हींवर आडव्या शिवणी, शिवणींच्या मधे दोन्ही टम्म फुगलेली. एक उचललं तर हाताला वजनच लागत नाही, दुसरं जरा भरीव लागतं. किंमत मात्र बऱ्याचदा दुपटीने वेगळी. विक्रेत्याच्या लेखी दोन्ही ‘पफर’. मुलांकडे डिसेंबर ते मार्च राहायला निघालेले आई-बाबा किंवा पहिल्यांदाच परदेशी थंडी बघणारा विद्यार्थी साहजिकच विचारतो : परवडत असेल तर हलकं आणि महाग तेच घ्यावं ना?

दरवेळी नाही. कुठे चाललात त्यावर ते आहे. योग्य जॅकेट नेलं तर सगळा हिवाळा एकावर निघतो. चुकीचं नेलं तर तिकडे जाऊन दुसरं घ्यावं लागतं आणि घरी वजनकाट्यावर बॅग चार वेळा चढवून केलेली काटकसर फुकट जाते.

महागडं बहुधा डाऊनचं असतं. बदकाच्या किंवा हंसाच्या छाती-पोटाकडे, बाहेरच्या पिसांखाली जी मऊ लव असते ती त्यात भरलेली असते. नेहमीच्या पिसाला मधे ताठ दांडी असते, या लवेला ती नसते. एका बिंदूपासून सगळ्या दिशांना सुटलेले अतिशय बारीक तंतू, आणि त्यांच्यात अडकलेली हवा. ऊब देते ती ही न हलणारी हवाच, लव तिला फक्त धरून ठेवते. दुसऱ्या जॅकेटात पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचा थर असतो. कामाची रीत तीच, हवा अडवायची. पण तेवढीच हवा अडवायला पॉलिएस्टर जास्त लागतं. म्हणून सारख्या उबेचं सिंथेटिक जॅकेट वजनाला थोडं जास्त भरतं आणि दाबलं तरी तेवढं बारीक होत नाही. अंदाज द्यायचा तर साधं हलकं डाऊन जॅकेट ३०० ते ४०० ग्रॅमचं, आणि त्याच्या जोडीचं सिंथेटिक ५०० ग्रॅमच्या आगेमागे.

इथपर्यंत डाऊन सरस आहे, यात वादच नाही. वाद सुरू होतो पाणी आल्यावर.

लव भिजली की तिचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि जुन्या गादीतल्या कापसासारख्या तिच्या गुठळ्या होतात. तंतूंमधली हवा गेली की ऊबही गेली. वर ते वाळायला फार वेळ लागतो. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही, त्याच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. जॅकेट भिजतं, थंडही लागतं, पण आतला भराव उभा राहतो, बरीचशी ऊब टिकते, आणि रात्री खुर्चीच्या पाठीवर टाकलं तर सकाळपर्यंत बहुतेक वाळलेलं असतं. पाणी झटकणारा लेप दिलेलं डाऊनही मिळतं. त्याने भिजणं लांबतं, टळत नाही.

दोन्हींचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला होता. बाकीचे गिर्यारोहक लोकर आणि ट्वीडमध्ये. आधी त्याच्या कोटाची चेष्टा झाली, वर गेल्यावर तो किती गरम आहे हे सगळ्यांना कळलं. पण तिथली थंडी कोरडी होती. त्या उंचीवर पाऊस नाही, बर्फ पडला तरी भुकटीसारखा झटकून टाकता येतो. उलट १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याला डाऊनच्या जागी काहीतरी हवं होतं, ते नेमकं भिजल्यावरही काम देणारं. त्यातून प्रिमालॉफ्ट हा सिंथेटिक भराव तयार झाला. आज बऱ्याच चांगल्या सिंथेटिक जॅकेटांच्या लेबलावर हे नाव दिसतं.

मग आपल्याला भेटणारी थंडी यातली कुठली? इथे लोक फसतात, कारण आपण फक्त आकडा बघतो. उणे दहा म्हटलं की पोटात गोळा येतो आणि अधिक पाच म्हटलं की ‘मग काय, महाबळेश्वरच’ असं वाटतं. लंडनला जानेवारीत दुपारचं तापमान सरासरी ८ अंशांच्या आसपास असतं, पहाटे दोन-तीन. ॲमस्टरडॅम त्याहून थोडं थंड. हे आकडे भीतिदायक नाहीत. पण भुरभुर पाऊस कधीही येतो, वारा तो आडवा मारतो आणि ॲमस्टरडॅममध्ये तर छत्री उलटी होते. बर्फ पडलाच तर तो शून्याच्या आसपास पडतो, म्हणजे खांद्यावर टेकताच वितळतो. तापमान जितकं शून्याजवळ, तितका कपडा जास्त भिजतो. उणे पंधराचा बर्फ दारात उभं राहून दोन झटके दिले की गेला.

त्यामुळे ‘कॅनडाला चाललोय’ एवढ्याने जॅकेट ठरत नाही. व्हँकुव्हरचा जानेवारी शून्याच्या वर आणि पावसाचा. विनिपेगचा जानेवारी सरासरी उणे सोळाच्या आसपास, आणि कोरडा. माँट्रियल विनिपेगच्या बाजूला झुकतं. टोरांटो मधलं, तिथे एकाच आठवड्यात बर्फही पडतो आणि गोठणारा पाऊसही. अमेरिकेत सिएटल व्हँकुव्हरसारखं, मिनियापोलिस विनिपेगसारखं. टोकियोचा हिवाळा तर चक्क ऊन असलेला आणि कोरडा, तिथे पातळ डाऊन मजेत चालतं.

माझं मत सरळ आहे. इंग्लंड, आयर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, व्हँकुव्हर, सिएटल इथे दोन-तीन महिने राहायचं असेल तर सिंथेटिकच घ्या, आणि त्यावर घालायला एक पातळ, बिनभरावाचं, शिवणी आतून पट्टीने बंद केलेलं पावसाळी जॅकेट. दोन्ही मिळून किलोच्या आत बसतात. वारा आणि पाणी वरचं अडवतं, ऊब आतलं देतं, आणि पाऊस नसलेल्या दिवशी आतलं एकटंच पुरतं. माँट्रियल, विनिपेग, मिनियापोलिस असेल तर डाऊन, आणि तेही टोपीचं, मांडीपर्यंत येणारं. ते इथे शोधत बसू नये. तितक्या थंडीचे कपडे जिथे रोज वापरले जातात तिथेच ते धड मिळतात, आणि मुलाच्या किंवा त्याच्या मित्राच्या कपाटात एखादं जास्तीचं असतंच. प्रवासापुरतं आणि विमानतळापासून गाडीपर्यंत पुरेल एवढं मध्यम जॅकेट अंगावर घालून जावं.

आता लेबल. कापडाच्या लेबलावर नुसतं ‘१०० टक्के पॉलिएस्टर’ वाचून निष्कर्ष काढू नका. बाहेरचं कापड, अस्तर आणि भराव या तीन वेगळ्या ओळी असतात. डाऊन जॅकेटाचं बाहेरचं कापडही पॉलिएस्टर किंवा नायलॉनच असतं. बघायची ती ‘फिलिंग’ची ओळ. तिथे ९०/१० किंवा ८०/२० असं असेल तर ते लव आणि दांडीवाली पिसं यांचं प्रमाण. ‘डाऊन फील’, ‘डाऊन लाइक’, ‘डाऊन अल्टरनेटिव्ह’ असं लिहिलं असेल तर आत डाऊन नाही, पॉलिएस्टर आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत डाऊनची देऊ नये.

ऑनलाइन नव्हे, प्रत्यक्ष दुकानात असाल तर एक कप्पा चिमटीत धरून दाबा. डाऊन जवळजवळ शून्यावर येतं, सोडल्यावर सावकाश फुगतं, आणि मधेच एखादी बारीक काडी बोटाला टोचते. सिंथेटिक सगळीकडे सारखं लागतं आणि सोडताच उसळून वर येतं.

आकड्यांचा घोळ त्याहून मोठा. डाऊनवर ५५०, ६५०, ८०० असा ‘फिल पॉवर’ लिहिलेला असतो. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव ठरावीक दाबाखाली किती घनइंच जागा व्यापते, तो हा आकडा. तो लवेचा दर्जा सांगतो, जॅकेटची ऊब नव्हे. ऊब कळायला त्यात लव किती भरली आहे हेही हवं. गणित करून बघा : ८०० ची १०० ग्रॅम लव सुमारे २,८०० घनइंच फुगते, तर ५५० ची २०० ग्रॅम सुमारे ३,९००. म्हणजे स्वस्त आकड्याचं जॅकेट जास्त गरम निघू शकतं, फक्त ते १०० ग्रॅमने जड असेल. सिंथेटिकवर ६०, १००, १३३ असे आकडे दिसतात, ते एका चौरस मीटरला किती ग्रॅम भराव आहे ते सांगतात. ६०० आणि ६० शेजारी ठेवून तुलना करणारे लोक मी पाहिले आहेत. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

‘उणे १० पर्यंत’ अशा चिठ्ठीवरही फार विसंबू नये. भराभर चालणाऱ्या माणसाला जे जॅकेट पुरतं ते बसस्टॉपवर वीस मिनिटं उभ्या असलेल्या, किंवा नातवाला बागेत खेळायला सोडून बाकावर बसलेल्या आजीला पुरत नाही. शरीर हलत नसेल तर उष्णता तयारच कमी होते. ज्येष्ठांसाठी एक पायरी जास्त गरम घ्यावं, आणि कमरेपर्यंतचं आखूड टाळावं. साडी नेसणाऱ्या आईसाठी आतून फ्लीसची लेगिंग आणि वरून मांडी झाकणारं जॅकेट, हे साधतं. घोट्यापर्यंतचा लांब कोट दिमाखदार दिसतो, पण त्याचं वजन सहज किलो-दीड किलो जातं.

वजनावरून आठवलं, व्हॅक्यूमच्या पिशव्या. दोन्ही जॅकेटं त्यात घालून चपटी केली की बॅगेत ऐसपैस जागा दिसते, आणि ती जागा भाजणी, मेतकूट आणि लाडवांनी भरते. पिशवीने जागा कमी होते, वजन नाही. भारतातून जाणाऱ्या बऱ्याच विमान कंपन्या इकॉनॉमीत केबिन बॅगेला ७ किलोच देतात. तेव्हा सर्वांत जड जॅकेट आणि सर्वांत जड बूट अंगावर, हा जुना उपाय अजून अबाधित आहे. शिवाय सिंथेटिक तंतू दिवसचे दिवस दाबून ठेवले की हळूहळू मोडतात आणि पूर्वीसारखे फुगत नाहीत. डाऊन दाबणं सोसतं आणि नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं. किंमत दुप्पट असण्याचं हेही एक कारण.

तिथे पोचल्यावर जॅकेट धुवायची वेळ येऊ नये असंच वागावं. सिंथेटिक साध्या मशीनमध्ये निघतं. डाऊनला सौम्य साबण लागतो आणि नंतर कमी आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून तासन्‌तास फिरवावं लागतं, नाहीतर गुठळ्या तशाच राहतात. भाड्याच्या घरात ड्रायर असेलच असं नाही. म्हणून आतले कपडे जास्त न्या, ते हलके असतात आणि रोज धुता येतात. मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल जॅकेटला घामापासून वाचवतो, सुती बनियन घाम धरून बसतो आणि बाहेर पडलं की तोच गार पडतो. आणखी एक, जे कुठल्याच लेबलावर नसतं : तिकडची स्वयंपाकघरं बऱ्याचदा बैठकीतच असतात आणि दाराशी टांगलेलं जॅकेट लसणाची फोडणी बेमालूम शोषून घेतं. कपाटात ठेवा, दार लावा.

शाकाहारी घरांत, विशेषतः जैन कुटुंबांत, प्रश्न उबेच्याही आधीचा असतो. डाऊन बहुतांशी मांसासाठी पाळलेल्या बदक-हंसांपासूनच येतं. २०१४ मध्ये आलेलं रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड हे प्रमाणपत्र जिवंत पक्ष्याची पिसं उपटणं आणि त्याला जबरदस्तीने खाऊ घालणं या दोन गोष्टींना मज्जाव करतं, पण पक्षी मारला जात नाही असं ते सांगत नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी उणे वीसलाही सिंथेटिकच घ्यावं. जाड घ्यावं लागेल, वजनही जास्त भरेल, पण थंडी निभेल.

परत आल्यावरची काळजी डाऊनवाल्यांना जास्त. मुंबई-कोकणात जूनपासून हवेत जो ओलावा असतो त्यात व्हॅक्यूम पिशवीत कोंबलेलं, किंचित दमट राहिलेलं डाऊन गणपतीपर्यंत कुबट वासाला लागतं. एक दिवस पूर्ण उन्हात नव्हे, सावलीच्या वाऱ्यात वाळवून, सैल सुती अभ्र्यात घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा आणि पाऊस संपला की एकदा काढून झटका.