ऑडिओ आउटपुट बदल (डेस्कटॉप)

संगणकाला जोडलेले स्पीकर, हेडफोन, मॉनिटर, ब्लूटूथ हेडसेट यांपैकी आवाज कशातून यावा हे ठरवण्याची आणि चालू आवाज एका उपकरणावरून दुसऱ्यावर वळवण्याची ऑपरेटिंग सिस्टिममधील व्यवस्था. वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड सिस्टिमच्या अंदाजापेक्षा नेहमी वरचढ असावी, हे तिचे मूळ सूत्र. बहुतेक तक्रारी ते मोडल्यामुळेच येतात.

डीफॉल्ट उपकरण (वेगळे काही सांगितले नसेल तर आवाज ज्यातून येतो ते) बदलले म्हणजे आधीपासून वाजत असलेला आवाज तिकडे जाईलच असे नाही. विंडोजमध्ये एखाद्या ॲपने ठरावीक उपकरणच उघडले असेल, तर ते उपकरण निघताच प्रवाह, म्हणजे ॲपकडून उपकरणाकडे जाणारा आवाज, रद्द होतो. ॲपने तो नव्याने उघडला नाही तर व्हिडिओ अडकतो किंवा मुका चालतो. लिनक्सवर आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओ आणि पाइपवायर या प्रणाली चालू प्रवाह परस्पर हलवू शकतात आणि कोणते ॲप कुठे पाठवले होते तेही लक्षात ठेवतात. सोय चांगली, पण एकदा हाताने हलवलेले ॲप पुढे डीफॉल्टमागे जातेच असे नाही. अशा वेळी पाव्हूकंट्रोल या आवाज-नियंत्रण ॲपच्या प्लेबॅक टॅबमध्ये त्या ॲपपुढचे उपकरण बदलावे. विंडोजमध्ये ॲपनिहाय आउटपुटची सोय विंडोज १०च्या २०१८ मधील १८०३ आवृत्तीपासून आहे.

सर्वाधिक घोळ एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे चित्रासोबत आवाजही नेणाऱ्या मॉनिटरच्या जोडण्यांचा. मॉनिटर झोपला की काही वेळा जोडणीच तुटते, त्याचे ऑडिओ उपकरण यादीतून जाते आणि आवाज आतल्या स्पीकरवर येतो. मॉनिटर जागा झाला की आवाज पुन्हा तिकडे उडी मारतो, मग त्या मॉनिटरला स्पीकर नसला तरी! हेडफोनची पिन माणूस मुद्दाम खोचतो, म्हणून तिथे आपोआप बदल योग्य. मॉनिटर चित्रासाठी जोडलेला असतो. तो आधी कधी आवाजासाठी निवडलेला नसेल तर त्याने डीफॉल्टची जागा घेऊ नये.

हेडफोन काढल्यावर काय व्हावे याबाबत डेस्कटॉपने फोनकडून शिकावे. अँड्रॉइड अशा वेळी ॲपना सूचना देतो आणि बहुतेक प्लेअर थांबतात. खासगी बोलणे अचानक खोलीभर ऐकू जाण्यापेक्षा शांतता केव्हाही बरी. आवाजाची पातळीही उपकरणागणिक वेगळी साठवावी आणि नव्या उपकरणावर आवाजाचा पहिला कण वाजण्यापूर्वीच लागू करावी. स्पीकरची ८० टक्के पातळी कानातल्या हेडफोनवर आली तर कानाला इजा होऊ शकते.

ब्लूटूथ हेडसेटचा माइक उघडताच जोडणी सहसा ए२डीपीवरून (संगीतासाठीची पद्धत) एचएफपीवर (कॉलसाठीची पद्धत) जाते. मग स्टिरिओ संगीत ८ किंवा १६ किलोहर्ट्झ नमुनादराच्या (सेकंदाला आवाजाची ८ किंवा १६ हजार मोजमापे) मोनोत, टेलिफोनसारखे ऐकू येते आणि हेडसेट बिघडला असे वाटते. आउटपुट हेडसेटवर ठेवून इनपुटसाठी लॅपटॉपचा माइक निवडला की दर्जा टिकतो. म्हणून आउटपुट बदलताना इनपुट परस्पर बदलू नये.

अनुक्रमांक (सीरियल नंबर) नसलेले यूएसबी साउंड कार्ड दुसऱ्या पोर्टला लावले की विंडोज त्याला नवीन उपकरण मानते, आणि आधीची निवड व पातळी हरवते. पोर्ट जुळत नसेल तेव्हा निर्माता व उत्पादन क्रमांकावरून जुनी नोंद शोधावी. अगदी तशीच दोन कार्डे एकाच वेळी जोडलेली असतील तरच पोर्टवरून फरक करावा.